सतरा नंबरची फाईल

अप्पांच्या कॉम्प्युटरला आजची तारीख कधीच माहीत नसायची. आतली नाण्याएवढी बॅटरी फार वर्षांपूर्वी संपली होती, त्यामुळे रोज सकाळी बटण दाबलं की तो एक जानेवारी दोन हजार दोनपासून दिवस सुरू करायचा. काळ्या पडद्यावर तशी तक्रार लिहून यायची आणि पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, असं सांगायचा. अप्पा उजव्या हाताने उदबत्ती ओवाळत आणि त्याच वेळी डाव्या हाताने एफ-वन दाबत.

"बॅटरी बदलू या का?" मी बारावीत असताना विचारलं होतं.

"कावून? तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात हाय की," ते म्हणाले होते.

वडवणीत एसटी स्टँडच्या समोर आमचं दुकान. पाटीवर माझं नाव : 'कावेरी फोटो अँड डीटीपी'. लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. फाल्गुनात अप्पांच्या छातीत दुखायला लागलं आणि बीडला नेईपर्यंत ते गेले. जागा भाड्याची. जागामालकाने एप्रिलअखेर ती रिकामी मागितली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि पुण्यात एका कंपनीत आकडेवारीचं काम करते. दहा दिवसांची रजा काढून मी आले, ती माझा जुना मॅक लॅपटॉप आणि डिस्क जोडायची एक वायर घेऊन.

नुसत्या फाईली उचलून नेणं सोपं होतं. पण त्याचा उपयोग नव्हता. पत्रिकांचं सॉफ्टवेअर त्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. फाईलींची नावंही अप्पांनी त्यातल्याच जुन्या मराठी टायपात लिहिलेली. दुसरीकडे नेली की ती इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसायची. म्हणून मी ठरवलं की अख्खा कॉम्प्युटरच न्यायचा. म्हणजे डिस्कची एक हुबेहूब प्रत घ्यायची, आणि मॅकच्या आत एक आभासी कॉम्प्युटर उभा करून त्याला ती द्यायची. आतल्या विंडोजला कळतही नाही की आपल्याभोवती आता लोखंडी डबा राहिलेला नाही.

आई हे सगळं ऐकत होती. तिचं नाव गंगासागर; चौथीपर्यंत शिकलेली, पण झेरॉक्स मशीन अप्पांपेक्षा चांगलं चालवायची.

"म्हंजी ह्याचा जीव काढून त्याच्यात घालायचा," ती म्हणाली.

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

मला त्याहून अचूक काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला, एफ-वन दाबलं, आणि आतून आवाज आला. टक्. टक्. जरा शांतता. पुन्हा टक्. डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते आणि तिला न टेकता एक बारीक टोक तिच्यावरून वाचत जातं. टोकाला जागा सापडली नाही की ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, तेव्हा असा आवाज येतो. म्हणजे डिस्क मरायला टेकली होती. किती तास उरले, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. उसाच्या पात्याने चिरलेले हात, उन्हाने काळवंडलेला चेहरा.

"चन्नप्पा मामा न्हाईत का?"

आई काउंटरमागून उठली. "भिवराबाई ना तू? कधी आली कारखान्यावरून?"

"परवाच्याला आलो. मामा जेवायला गेले का?"

"गेले गं. फाल्गुनात."

भिवराबाई पायरीवरच खाली बसली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "आमची शिवकन्या बी गेली की वो, मामी. पुसाच्या म्हैन्यात. तीन दिस ताप आला निस्ता."

आई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. रस्त्याकडे बघत होत्या.

"ती निळ्या रिबिनीची? फोटोला बसव म्हणलं की मान वाकडी करायची ती?"

"तीच. मामा म्हणले, सरळ बस गं पोरी, न्हाईतर फोटोतनं पडशील. तर लईच हसाया लागली."

फोटोसाठीच ती आली होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाण्याआधी सिदू मुकादमाची अख्खी टोळी दुकानात फोटो काढायला आली होती. मोठ्यांचे ओळखपत्राला, पोरांचे शाळेच्या कार्डाला. शिवकन्येचे आठ फोटो काढलेले. दोन कार्डाला लागले आणि सहा उरले. तिकडे अवकाळी पाऊस आला, खोपी गळली आणि ते सहा फोटो भिजून एकमेकांना चिकटले. तिने कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. आत एक जाडसर चौकोन होता, निळा आणि गुलाबी. अप्पा प्रिंटरमध्ये बाटलीतली शाई भरायचे. ती पाण्यात टिकत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार.

"मोबाइलमध्ये एखादा नाही का?" मी विचारलं.

"आमचा बटनाचा हाय, ताई. आन आधारवरचा म्हणाल तर ती पाच वरसाची व्हती तवाचा. काळा डाग निस्ता, म्हैस हाय का माणूस कळत न्हाई." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "डोळे झाकले की आधी यायची. आता वेणी येती, फराक येतं. तोंडच येईना झालंय."

मग तिने अप्पांच्या खुर्चीकडे, पडद्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्याच्यात आसंल की."

होतं. अप्पांची पद्धत मला ठाऊक होती. ते टोळीवार फोल्डर करायचे, मुकादमाच्या नावाने, आणि रांगेत जो जसा उभा तसा त्याच्या फाईलीला नंबर द्यायचे. तारखेवरून शोधायची सोय नव्हती, सगळ्याच फाईली एक जानेवारीच्या.

"तुमच्या पुढं रांगेत कोण होतं?"

"सुंदरबाई. मग मी, मग शिवकन्या."

"मिळेल," मी म्हणाले. "पण आज नको. ही डिस्क बिघडतेय. आधी सगळी सुखरूप उतरवून घेते. परवा या, मोठा फोटो करून देते."

"मोठा ऱ्हाऊ द्या परवा. आता निस्ता दावा. बघते आन जाते."

"दाव की," आई म्हणाली. "दोन मिन्टं लागतेत."

टक्. टक्.

"आई, अशा डिस्कला जितकं इकडेतिकडे पळवू तितकी ती लवकर जाते. एकही फाईल उघडायची नाही, आधी सरळ पूर्ण प्रत घ्यायची. नियम आहे तसा."

भिवराबाईने मान डोलावली. "बरं. तुमी शिकलेल्या." आणि ती गेली. मी कॉम्प्युटर बंद केला.

नियम खरा आहे. कुणालाही विचारा, हेच सांगतील. पण प्रत घेताना कुठून सुरुवात करायची हे आपल्या हातात असतं, हेही तितकंच खरं आहे. डिस्कचे दोन भाग होते. पहिल्यात विंडोज, पत्रिकांचं सॉफ्टवेअर, अप्पांचा पडदा जसाच्या तसा. दुसऱ्यात गिऱ्हाइकांचे फोटो, आणि त्यातही अलीकडच्या टोळ्यांचे अगदी शेवटाला. मी आधी शेवटाकडून सुरू करू शकले असते. तसा पर्याय माझ्यासमोर पडद्यावर होता. मला अप्पांचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झालेला बघायचा होता, म्हणून मी पहिल्या भागापासून सुरुवात केली. तेव्हा हे मी स्वतःला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

मी डबा उघडला. त्याच्या बाजूवर विभूतीचे तीन पट्टे होते, दर खंडेनवमीला ओढलेले, एकावर एक, खरखरीत झालेले. डिस्क काढून मॅकला जोडली, स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला. दुपारी बाराला सुरू झालं. एक वाजता अठरा टक्के. दोनला सदतीस. पहिला भाग संपला तेव्हा मी आईला चहा करायला सांगितला. पावणेचारला एकाहत्तर टक्क्यांवर टक् टक् जलद झाली, मग एक लांब घर्र असा आवाज आला आणि सगळं थांबलं.

मी वायर काढून पुन्हा लावली. डिस्क थंड होऊ दिली. आईने ती फडक्यात गुंडाळून तासभर माठाला टेकवून ठेवली. मी तिला अडवलं नाही. संध्याकाळपर्यंत पाच वेळा प्रयत्न केला. चकती फिरायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवढं उतरलं होतं तेवढ्यावर आभासी कॉम्प्युटर उभा केला. पहिल्यांदा निळा पडदा येऊन बंद पडला. अप्पांचं विंडोज जुन्या प्रकारच्या जोडणीला सरावलेलं होतं आणि मी त्याला नवी दिली होती. ती बदलली. मग काळ्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकली आणि कपिलधारचा धबधबा आला. त्याच्यापुढे सातवीतली मी, ओली, दात काढून. अप्पांचा पडदा. कोपऱ्यात आजची तारीख होती, अगदी बरोबर, कारण ती मॅककडून आली होती. खाली एक सूचना : या कॉम्प्युटरमध्ये फार बदल झालेले आढळतात, तीन दिवसांत पुन्हा नोंदणी करा.

आई मागे उभी होती. "एफ-वन न दाबताच चालू झालं?"

"आता लागत नाही, आई."

पुढे येऊन तिने मॅकच्या काचेला एक बोट लावलं आणि मागे झाली.

मी टोळीचं फोल्डर उघडलं. आणि सगळे चेहरे आले. अप्पा नावं वाचत बसत नसत, चेहरे बघून फाईल शोधत. म्हणून त्यांनी सगळी फोल्डरं बारीक चित्रांच्या मांडणीत ठेवली होती. चाळीसच्या चाळीस माणसं, नखाएवढी, ओळीत. पंधरा नंबरला सुंदरबाई असावी, सोळाला भिवराबाई. सतराला निळी रिबीन, वाकडी मान.

"मिळाली," मी मोठ्यानं म्हणाले.

फाईल उघडली. पडदा करडा. पुन्हा उघडली. सोळा उघडली, करडा. पंधरा नंबरची सुंदरबाई कपाळापासून नाकापर्यंत आली, तिथून खाली करडी. चौदापर्यंत सगळे शाबूत होते. सतरा नंबरची फाईल मी आकड्यांच्या रूपात उघडून पाहिली. फाईल आठ लाख बाइटची होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्य. नाव होतं, लांबी होती, आतलं काही नव्हतं. डिस्कचा तो भाग वाचण्याआधीच ती गेली होती.

बारीक चित्रं कशी दिसत होती मग? विंडोज प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपवलेली फाईल ठेवतं. त्यात प्रत्येक फोटोची छोटी प्रत असते, मांडणी पटकन दिसावी म्हणून. ती फाईल डिस्कवर अलीकडे कुठेतरी पडली होती, एकाहत्तर टक्क्यांच्या आत. मी ती फोडून सतरावं चित्र बाहेर काढलं. चौऱ्याहत्तर ठिपके रुंद, शहाण्णव ठिपके उंच. शिवकन्येचं एवढंच उरलं होतं.

आई घरी जाताना फक्त म्हणाली, "दोन मिन्टं लागली असती."

भिवराबाई ठरल्याप्रमाणे आली. तिच्याबरोबर नवरा धुळाजी होता. तो आत आला नाही, पायरीशी पाठ करून उभा राहिला. भिवराबाईच्या हातात बाजारातून आणलेली नवी काचेची फ्रेम होती, वहीच्या दुप्पट आकाराची, सोनेरी कडेची. आत पुठ्ठा कोरा होता.

मी सगळं सांगितलं. डिस्क गेली, फोटो गेला, बारीक चित्र उरलं. सोप्या शब्दांत सांगितलं, काही झाकलं नाही.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिशी दिसली असती का?"

"हो."

"मी इथं बसले व्हते तवा?"

"हो."

धुळाजीची मान किंचित हलली, पण तो वळला नाही. भिवराबाई फ्रेमच्या काचेवरची धूळ पदराने पुसू लागली. धूळ नव्हती.

"ऱ्हाईलंय ते तर दावा," ती म्हणाली.

मी फोल्डर उघडून बोट ठेवलं. तिने चेहरा इतका जवळ नेला की तिच्या श्वासाने काच धुरकटली. "हीच. हीच हाय. मोठी करा."

मी मोठी केली. चेहऱ्याचे चौकोन झाले. गव्हाळ चौकोन, काळे चौकोन, वर निळे.

"कुठं गेली?"

"तेवढेच ठिपके आहेत, मावशी. मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात."

"ल्हान करा."

लहान केली. आली. तिने मला तीनदा तसं करायला लावलं. तिसऱ्यांदा मी चित्र मोठं केलेलं असताना तिने मान फिरवली आणि नवऱ्याला बोलवायला पायरीपर्यंत गेली. "अवो, या की. बघा तरी." तो हलेना. ती चिडून आत वळली आणि तिथेच थांबली.

"ताई."

"काय?"

"हितनं दिसती."

मी उठून तिच्याजवळ गेले. पायरीवरून पडद्यावर चौकोन नव्हते. एक अकरा वर्षांची मुलगी होती, मान वाकडी करून, हसू दाबलेली.

दोन ठिपके किती अंतरावरून एकच दिसू लागतात, ते शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येतं. डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक वेगळं दिसत नाही. मी अप्पांचं कॅल्क्युलेटर ओढलं.

"घर किती लांब आहे तुमचं? आतून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"दहा फूट आसंल. कावून?"

दहा फुटांना एक ठिपका जेमतेम नऊ दशांश मिलिमीटर. शहाण्णव ठिपके म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. त्याहून मोठा केला तर समोरच्या भिंतीपाशी बसूनही ती दिसणार नव्हती. मी साडेआठ बाय साडेसहाचा फोटो छापला. या वेळी लॅमिनेशन केलं, कडा दोनदा दाबल्या. फ्रेमच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तो मध्यभागी लावला. चारी बाजूंनी खूप पांढरं उरलं.

"इकडच्या भिंतीला लावा," मी म्हणाले, "आणि समोरच्या भिंतीला टेकून बघा. तिथून नीट दिसेल."

भिवराबाईने फ्रेम हातात घेतली. तिला त्यात चौकोनच दिसले असणार. हात पूर्ण लांब केले, तरी पुरले नाहीत.

"हार घालाया जवळ जावं लागंल की," ती म्हणाली.

आईने तिला पाणी दिलं. ती प्यायली, तांब्या पालथा घातला आणि निघाली. पैसे विचारले तेव्हा आईने नुसता हात हलवला.

खाली रस्त्यावर भिवराबाईने फ्रेम धुळाजीकडे दिली. त्याने ती न बघता काखेत घेतली. तिने काढून घेतली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली, फोटोचं तोंड मागे करून. त्याने हात वर करून ती धरली. दोघे स्टँडच्या बाजूने निघाले. तो पुढे, ती मागे. आमच्याकडे बायका मागेच चालतात, कुणाला त्यात वेगळं वाटलं नसतं. पण मी पायरीवरून बघत होते. ती मध्ये बरोबर तेवढं, दहा फुटांचं अंतर सोडून चालत होती. वाटेत एक रिक्षा आडवी आली, तो थांबला. तीही थांबली, पुढे न जाता.